सही साहेबांची, काम आपलं

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. कोल्हापूरहून पेठ वडगावला जाणारी एसटी पकडायची असते. बॅग खांद्याला लावलेली असते. तेवढ्यात केबिनमधून हाक येते, "अगं, निघालीस काय? जरा एवढं बघून टाक की. दहा मिनिटांचं काम आहे."

ही दहा मिनिटं तुमच्याही ओळखीची असतील. इंटर्नशिप केली असेल, ओजेटी केलं असेल, शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागला असाल, नाहीतर गावातल्या पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसत असाल. दहा मिनिटांचं काम साडेआठला संपतं. आणि घरी जाताना लक्षात येतं, की हे काम आपलं नव्हतंच. ते साहेबांचं होतं.

गेल्या वर्षी मीही एका कार्यालयात दोन महिने इंटर्न होते. नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या एकाच कार्यालयाचा नाही. पहिल्या आठवड्यात फायली लावणं, पत्रं टाइप करणं अशी कामं होती. दुसऱ्या आठवड्यात साहेबांचा मासिक अहवाल माझ्याकडे आला. "तुला शिकायला मिळेल," ते म्हणाले. खरंच मिळालं. मग त्यांच्या ईमेलना उत्तरं लिहिणं आलं. मग वरिष्ठांसमोर दाखवायचं त्यांचं प्रेझेंटेशन आलं. ते प्रेझेंटेशन छान झालं, तेव्हा मी बाहेर चहा सांगायला उभी होते. पुढच्या महिन्यात अहवालातल्या एका रकान्यातला आकडा चुकला, तेव्हा मात्र मला आत बोलावलं. "हे हिनं केलंय," एवढंच वाक्य. त्या अहवालाशी माझं नाव पहिल्यांदा जोडलं गेलं ते असं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पगार किती गं देतात तुला?" मी म्हटलं, "पगार नाही गं, सर्टिफिकेट मिळणार आहे." त्यावर ती काही बोलली नाही, ताट वाढायला उठली.

काम देणं आणि काम ढकलणं

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वरिष्ठाने कनिष्ठाला काम देणं यात गैर काही नाही. काम दिल्याशिवाय कुणी शिकत नाही. "माझ्या जॉब प्रोफाइलमध्ये हे नाही," असं पहिल्याच आठवड्यात म्हणणारा इंटर्न कुणालाच नको असतो.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो तीन प्रश्नांत आहे. काम कुणाच्या नावावर जातं? चुकलं तर कुणाच्या अंगावर येतं? आणि ते करताना तुम्हाला निर्णय घ्यायचा अधिकार असतो का? काम तुमच्या नावावर जातं, चूक दोघांची धरली जाते आणि थोडाफार निर्णय तुमच्या हातात असतो, तर तुम्हाला काम दिलंय. श्रेय वर जातं, चूक खाली येते आणि अधिकार शून्य असतो, तर तुमच्यावर काम ढकललंय. आपल्याकडे यासाठी जुनी म्हण आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार.

वडगावकरांना एक उदाहरण घराजवळच सापडेल. सरसेनापती धनाजी जाधव यांची समाधी आपल्या गावात आहे. १७०८ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या हाताखाली महसुलाचं काम बघणारे एक कारकून होते, कोकणातून घाटावर आलेले बाळाजी विश्वनाथ. सेनापती मोहिमांवर, हिशेब कारकुनाकडे अशी ती वाटणी. पण हे काम कोण करतंय हे झाकलेलं नव्हतं. पुढे १७१३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी याच बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. त्या काळाची आजच्या ऑफिसशी थेट तुलना करता येणार नाही, हे मान्य. पण एवढं नक्की, की हाताखालच्या माणसाचं काम त्याच्या नावाने ओळखलं गेलं, तर त्याला पुढची पायरी दिसते. झाकलं गेलं तर तो वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत राहतो.

पुण्यातलं एक पत्र

हा विषय गेल्या काही वर्षांत देशभर चर्चेला आला तो पुण्यातल्या एका घटनेमुळे. मूळची केरळची, २६ वर्षांची एक चार्टर्ड अकाउंटंट मार्च २०२४ मध्ये 'अर्न्स्ट अँड यंग' म्हणजे ईवायच्या पुण्यातल्या कार्यालयात रुजू झाली. तिची ही पहिलीच नोकरी. जुलैमध्ये तिचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सगळीकडे पसरलं.

त्या पत्रातल्या कामाच्या तासांबद्दल खूप बोललं गेलं. मला मात्र दुसराच तपशील आठवतो. आईचं म्हणणं होतं, की मॅनेजर क्रिकेटच्या मॅचच्या वेळी मीटिंगा पुढे ढकलायचे आणि दिवस संपताना काम द्यायचे. म्हणजे वेळापत्रक मॅनेजरच्या सोयीचं आणि रात्र मुलीची. नेमून दिलेल्या कामाच्या वर तोंडी सांगितलेली कामं येत राहायची, असंही तिने लिहिलं होतं. मृत्यू कामाच्या ताणामुळे झाला हे कंपनीने मान्य केलं नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. राज्याच्या कामगार विभागाचे अधिकारी कार्यालयात तपासणीला गेले, तेव्हा २००७ पासून चालू असलेल्या त्या कार्यालयाची शॉप अ‍ॅक्टखाली नोंदणीच नसल्याचं त्यांनी सांगितलं.

यातला 'तोंडी' हा शब्द लक्षात ठेवा. ढकललेलं काम जवळजवळ नेहमी तोंडी येतं. त्याचा मेल नसतो, त्याची नोंद नसते. म्हणून नंतर ते सिद्धही करता येत नाही.

कायदा तास मोजतो, काम कुणाचं ते बघत नाही

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घालत होता. त्यापुढे काम करून घेतलं तर दुप्पट दराने पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दैनंदिन मर्यादा ९ वरून १० तासांवर न्यायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असंही तेव्हा सांगण्यात आलं.

लेखी संमती! आपल्यापैकी कितीजणांना साहेबांनी "आज थांबशील का?" असं लेखी विचारलंय? आपली संमती म्हणजे मान खाली घालून "हो सर" म्हणणं.

या कायद्यात आणखी एक खाच आहे. मॅनेजर किंवा सुपरवायझर दर्जाच्या माणसांना त्याचं संरक्षण नाही. आता आजूबाजूला बघा. २३ वर्षांचा मुलगा, पहिली नोकरी आणि व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर'. त्याच्या हाताखाली कुणी नाही, सुट्टी मंजूर करायचा अधिकार नाही, चहाचं बिल पास करायचीही पॉवर नाही. घरचे खूश, की पोरगा मॅनेजर झाला. पण त्या एका शब्दाने कंपनी त्याला तासांच्या हिशेबाबाहेर काढू शकते. कामगार कायद्याच्या खटल्यांमध्ये न्यायालयं पदाच्या नावापेक्षा माणूस प्रत्यक्ष काय काम करतो ते बघतात. पण पहिल्या नोकरीत कोर्टात जातो कोण?

ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक मांडलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे मात्र खासदाराने स्वतःहून मांडलेलं एकही विधेयक १९७० नंतर कायदा झालेलं नाही. त्यामुळे फार वाट बघू नका.

आणि समजा झाला कायदा, तरी तो घड्याळ बघेल. सकाळी दहा ते सहा या वेळेत तुम्ही आठ तास दुसऱ्याचंच काम करत असाल, तर कोणताच कायदा मोडत नाही. मोडतं ते तुमचं शिक्षण.

'लाडका भाऊ' आणि साहेबांचं डोंगल

खासगी कंपन्यांचं सोडा, सरकारी कार्यालयात काय चित्र आहे?

२०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. लोकांनी तिला 'लाडका भाऊ' हे नाव दिलं. १८ ते ३५ वयाच्या तरुणांना कार्यालयात किंवा उद्योगात सहा महिने प्रशिक्षण, बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये. नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढवून ११ महिने केली. आपल्या भागातही ग्रामपंचायती, शाळा आणि सरकारी कार्यालयांमध्ये असे प्रशिक्षणार्थी दिसायला लागले. तुमच्या वर्गातल्या कुणाचा दादा किंवा ताई त्यात नक्की असेल.

माझी एक मैत्रीण अशीच एका कार्यालयात होती. मी तिला विचारलं, "शिकलीस काय?" ती हसून म्हणाली, "साहेबांचा पासवर्ड."

ती गंमत करत नव्हती. आज सरकारी काम बरंचसं पोर्टलवर चालतं. माहिती भरायची, फोटो अपलोड करायचे, बिलं टाकायची. ज्यांच्या नावाने लॉगिन आहे त्या साहेबांना ते जमत नाही किंवा वेळ नसतो. मग लॉगिन खालच्या पोराकडे येतं. ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर, साहेब मीटिंगमध्ये, पोरगं फोन करतंय, "साहेब, ओटीपी सांगा की." काही ठिकाणी तर डिजिटल सहीचं डोंगलच ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि किल्ली ऑपरेटरकडे.

इथे विषय कष्टाच्या पलीकडे जातो. डोंगल म्हणजे साहेबांची सही. त्या सहीने पैसे जातात, दाखले निघतात. उद्या एक चुकीचं बिल गेलं आणि चौकशी लागली, तर पहिला प्रश्न येणार, "कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?" माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्या मनात लबाडी नव्हती, हे खरं. पण साहेबांनीच वापरायला सांगितलं होतं, हे दाखवायला तुमच्याकडे काय आहे? तोंडी सांगितलेलं काम आणि उसना पासवर्ड, दोन्ही एकाच दिवशी अंगलट येतात.

योजनेची मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थींनी "आम्हाला कायम करा" म्हणून राज्यात आंदोलनं केली. सरकारचं म्हणणं, की ही नोकरी नव्हती, प्रशिक्षण होतं. कागदावर ते बरोबरही आहे. पण एक साधा हिशेब करून बघा. शिकायला आलेला माणूस गेल्यावर ऑफिसचं काम अडत नाही. काम अडत असेल, तर तो शिकत नव्हता, कुणाची तरी जागा भरत होता.

साहेब असं का करतात?

सगळे साहेब आळशी असतात, असं म्हणणं सोपं आहे. काही असतातही. पण त्याने सगळं उत्तर मिळत नाही.

एक कारण म्हणजे रिकाम्या खुर्च्या. राज्य सरकारमधली रिक्त पदं लाखांत आहेत. एका टेबलवर दोन-तीन टेबलांचा पदभार असतो. साहेबांवर वरून ढकललं जातं, साहेब खाली ढकलतात. पाणी उताराला जातं तसं काम सगळ्यात खालच्या माणसापाशी येऊन थांबतं, कारण त्याच्या खाली कुणी नसतं.

दुसरं कारण कॉम्प्युटर. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्या अनेकांना कागदावरचं काम उत्तम येतं, पण एक्सेल आणि पोर्टल येत नाही. ते कबूल करायला लाज वाटते. मग "तुम्हा पोरांना पटकन जमतं," असं कौतुक करून काम सरकवलं जातं. कौतुकाने आपण फुगतो आणि काम घेतो. मीही घेतलं होतं.

तिसरं कारण सगळ्यात चिवट आहे, "आम्हीपण असंच शिकलो." जे आपल्याला झालं ते पुढच्यालाही व्हायलाच पाहिजे, ही कॉलेजच्या रॅगिंगसारखीच समजूत आहे. त्यात वरून आवाजही तसेच येतात. २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. किती तास, यावर देशभर वाद झाला. त्या तासांत कुणाचं काम करायचं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

मग आपण करायचं काय?

"सरळ नाही म्हणा," असा सल्ला रीलमध्ये छान वाटतो. ज्याला ओजेटीचे मार्क साहेबांच्या सहीवर मिळणार आहेत, किंवा ज्याच्या पगारावर घरच्या म्हशीचा हप्ता जातोय, त्याला तो देऊ नये. त्यापेक्षा या चार गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

पहिली, तोंडी काम लेखी करून घ्या. भांडायची गरज नाही. काम सांगितल्यावर एक मेसेज टाका, "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मार्चचा अहवाल आज करून देते. आकडे तुम्ही एकदा तपासून घ्याल ना?" साहेब नुसतं "ओके" म्हणाले तरी पुरतं. काम कुणी दिलं आणि तपासायची जबाबदारी कुणाची, दोन्ही नोंदलं गेलं. माझ्याकडे असा एक मेसेज असता, तर त्या दिवशी केबिनमधलं वाक्य वेगळं झालं असतं.

दुसरी, नवीन काम आलं की जुन्या कामाचं विचारा. "सर, आधी हे करू की ते?" या प्रश्नात उद्धटपणा काहीच नाही. पण आपण किती भार टाकलाय हे साहेबांनाही त्यातूनच कळतं.

तिसरी, दुसऱ्याच्या लॉगिनला आणि डोंगलला एकटं असताना हात लावू नका. इथे मात्र नाहीच म्हणा. "सर, तुम्ही शेजारी बसा, मी भरते, शेवटचं बटण तुम्ही दाबा." एवढं मागायचा हक्क सगळ्यात खालच्या माणसालाही आहे.

चौथी, रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा. आज काय केलं आणि कुणी सांगितलं. दोन महिन्यांनी मुलाखतीत "इंटर्नशिपमध्ये काय केलंत?" विचारतील, तेव्हा सर्टिफिकेटपेक्षा ही वही जास्त बोलेल. तक्रार करायची वेळ आलीच, तर कॉलेजच्या समन्वयकांसमोर किंवा कामगार आयुक्त कार्यालयातही तीच उपयोगी पडेल.

कॉलेजांकडेही एक मागणी आहे. ओजेटीचे क्रेडिट्स आता डिग्रीत धरले जातात. मग मुलं बाहेर नेमकं काय करतात, हे बघायला कुणीतरी एकदा तरी जावं. हजेरीचा कागद आणि शिक्का यावरून शिकणं मोजता येत नाही.

आपणही साहेब होणार आहोत

माझी इंटर्नशिप संपली त्या दिवशी माझ्या जागेवर पुढचा मुलगा आला. अकरा वाजता साहेबांनी त्याला अहवालाची फाइल दिली. "तुला शिकायला मिळेल," म्हणाले. मला घाई होती, सर्टिफिकेटवर सही घ्यायची होती. तरी जाता जाता त्याला एवढं सांगितलं, "भावा, चौथ्या रकान्यातला आकडा सरांकडून तपासून घे. आणि मेसेजवर घे."

त्याने मान हलवली. त्याला तेव्हा काही कळलं नसणार. मलाही कळलं नव्हतं.

पाच-सात वर्षांनी आपल्यातलेच काहीजण केबिनमध्ये बसतील. संध्याकाळी सहाला आपल्याही टेबलवर अर्धवट फाइल असेल आणि बाहेर बॅग खांद्याला लावून कुणीतरी एसटीसाठी निघालेलं असेल. त्याला हाक मारायच्या आधी फाइल कुणाची आहे, ते एकदा बघून घ्या.